घरातला एक माणूस

घरात भांडं आपटायचं नाही, असा सासूने हुकूम काढला. दार धाडकन लावायचं नाही, कोंबड्यांवर ओरडायचं नाही आणि बाळच्या कानावर मुलाखत हा शब्द पडू द्यायचा नाही. बाळ म्हणजे पंपवालीचा धाकटा दीर. मिशा फुटून कितीतरी वर्षं झाली होती, लग्नाची बोलणी चालली होती, तरी आईच्या तोंडी तो बाळच. सोमवारी त्याची मुलाखत होती आणि आत्तापासूनच त्याची पाचावर धारण बसली होती.

"त्याचा जीवच मुळात भित्रा," सासू म्हणाली. "तू जरा हळू हात चालव. काल ताट पडलं तर केवढा दचकला तो."

"ताट मी पाडलं नव्हतं. मांजराने पाडलं."

"मग मांजराला आवर."

पंपवाली नुकतीच पंपावरून आली होती. गुडघ्यापर्यंत कपडे ओले, तळहातावर लोखंडी दांड्याचा लाल वळ, पोटात पहाटेपासून अन्नाचा कण नाही. तिने शेगडीवरचं पातेलं उचललं. ते आपटावं अशी फार इच्छा झाली, आणि तिने ते अगदी अलगद खाली ठेवलं. भांड्यावर न निघालेला राग माणसाच्या अंगात मुरतो, हे सासूला कोणी सांगावं?

पंपाची गोष्ट अशी होती. गावाच्या पाण्याची विहीर खणली ती यांच्याच जमिनीच्या तुकड्यात. बदल्यात पाणी समितीने शब्द दिला, की पंपावर या घरातला एक माणूस ठेवू. माणूस म्हणताना समितीने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गवंडी, त्याला बांधकामावरून सवड नाही, म्हणून त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. पंपवालीकडे कोणी पाहिलं नाही. ती तेव्हा समितीला चहा देत होती. बाळचं नाव लागलं. बाळ आठवडाभर गेला, मग एका थंडीच्या सकाळी पांघरुणातून आवाज आला, "वहिनी, आजच्या दिवस जातेस?" ती गेली. तो आजचा दिवस काही अजून संपला नव्हता. पगार त्याच्या नावाने येत होता, शिव्या तेवढ्या तिच्या नावाने.

आणि या उन्हाळ्यात शिव्यांना तोटा नव्हता. विहीर तळाला गेली होती. पाणी दिवसातून एकदाच, तेही सकाळी, आणि तेही जपून. वरची गल्ली चढावर, म्हणून तिथला व्हॉल्व्ह आधी उघडायचा. खालची गल्ली म्हणणार, वरच्यांनी तुला काय खाऊ घातलंय? मागच्याच पंधरवड्यात खालच्या गल्लीतल्या एका बाईने रागाने कळशी भिरकावली, ती हिच्या भुवईवर बसली. खोक पडली. बाळने ती पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, सांभाळून जात जा गं." नंतर समितीची बैठक झाली, तिथे गल्ल्यांच्या भांडणाबद्दल पंपवाल्याचं म्हणणं विचारलं गेलं. इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीवर बसून ते म्हणणं मांडून आला बाळ. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आता ती जागा कायमची होणार होती. कायमची म्हणून मुलाखत. घराने ज्याचं नाव द्यायचं त्याचं द्या, असा समितीचा निरोप होता, आणि मुलीकडच्यांचा होकारही त्याच जागेवर अडला होता. नाव बाळचंच गेलं. कोणाचं जावं याची घरात चर्चासुद्धा झाली नाही.

चर्चा तिने एकटीने केली, नवऱ्यापाशी. तो संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर बसून नखांतलं सिमेंट काढत होता. ती तांब्याने पाणी ओतत होती.

"अहो, मुलाखतीला मी गेले तर?"

"कशाला?"

"काम मी करते ना."

नवऱ्याने मान वर केली. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही. पण घरात दोन बाजू पडल्या की त्याला विटा मोजायची आठवण यायची. "काम तूच करतेस, कोण नाही म्हणतंय? आणि नोकरी घरातच राहणार आहे. नाव त्याचं असलं काय नि तुझं असलं काय, सारखंच की."

"सारखंच आहे तर माझं असू दे."

तो बराच वेळ एकच नख कोरत राहिला.

"त्याचं लग्न मोडेल," शेवटी तो म्हणाला. "आई जीव देईल. तू अशी तावातावाने बोलू नकोस. शांत हो बघू."

"तुमच्यासमोर मी तावाने बोललेय कधी?"

"मग पाणी बाहेर का सांडतंय?"

तिने तांब्या दगडावर ठेवला आणि आत निघून गेली. त्याच्या पाठीवरचा साबण तसाच राहिला.

मुलाखत जवळ आली तसं सगळं गाव बाळची धास्ती घालवायला धावलं. निवृत्त मास्तर येऊन ओट्यावर बसले आणि श्वास आत घ्यायचा कसा, रोखायचा कसा, सोडायचा कसा, ते शिकवून गेले. न्हाव्याने केस कापता कापता सांगितलं, साहेबाच्या डोळ्यांत बघायचं नाही, कपाळावर बघायचं, कपाळ कोणाला खात नाही. सासू दर तासाला कोमट पाणी पाजत होती, त्याने धास्ती काही कमी होईना, बाळच्या मोरीकडच्या खेपा मात्र वाढल्या. त्याची नखं खाऊन संपली. जेवताना घास तोंडात फिरायला लागला. त्याच्याकडे बघून पंपवालीला कीव यायची आणि लगेच त्या किवेचाच राग यायचा. ती या घरात आली तेव्हा हा शेंबडा होता. त्याचं नाक तिने पुसलं होतं, त्याच्या गणवेशाची बटणं तिने लावली होती. आणि रीत म्हणून याच पोराला ती आजही अहो भाऊजी म्हणत होती, आणि तो तिला अगं वहिनी.

रविवारी सासू म्हणाली, "उद्या जाताना त्याला बरोबर ने पंपावर. काय काय असतं ते समजावून सांग. तिथं विचारलं तर ततपप नको व्हायला."

"मी सांगू?"

"मग कोण सांगणार? तुलाच येतं ना ते."

किती सहज बोलली म्हातारी! पंपवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलाखत दुपारची होती, आणि पाणी तर सकाळी सोडायचंच होतं.

सोमवारी अंधुक उजेडात दोघं पंपघरात शिरली. आत तेलाचा आणि गंजाचा वास. बाळने नाकाला रुमाल लावला. तिने कोपऱ्यातली बादली त्याच्या हातात दिली.

"आधी हे. विहिरीतल्या पाइपाच्या तळची झडप गळकी आहे. रात्रीत पाइपातलं सगळं पाणी खाली उतरून जातं. म्हणून सकाळी पंपाच्या या तोंडातून पाणी ओतायचं. काठोकाठ भरून वर आलं की मगच बटण. कोरडा चालवलात तर मोटर जळेल."

"झडप बदलत का नाहीत?"

"ते समितीला विचारा. तुम्ही खुर्चीवर बसता त्यांच्याबरोबर."

बाळने बादली कलंडली. निम्मं पाणी त्याच्या चपलांवर गेलं. तिने बादली काढून घेतली आणि एका धारेत पाणी ओतलं. मग बटण दाबलं. मोटर आधी खोकली, मग घुमायला लागली, मग तिचा आवाज जड झाला.

"ऐकलंत? असा जड आवाज आला की पाणी उचललं. कर्कश आला तर लगेच बंद करायची."

"जड," बाळ म्हणाला. "कर्कश." तो ओठांतल्या ओठांत घोकू लागला.

बाहेर तिने त्याला व्हॉल्व्ह फिरवायला लावला. लांब लोखंडी दांडा खड्ड्यात उतरवायचा, चौकोनी डोक्यावर बसवायचा आणि सगळं अंग टाकून फिरवायचा. बाळने अंग टाकलं. दांडा सटकला आणि तो मातीत बसला. कळश्या घेऊन उभ्या असलेल्या बाया तोंडावर हात ठेवून हसल्या.

"आज साहेब स्वतः?" वरच्या गल्लीतली म्हातारी म्हणाली. "आमचं नशीब!"

बाळचे कान लाल झाले. तो कपडे झटकत उठला, आणि तिने पाहिलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"वहिनी, मला नाही गं जमणार," तो हळूच म्हणाला.

हे तू तुझ्या आईला सांग, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "घरी जा. अंघोळ करा. मी येते." आणि दांडा उचलून तिने व्हॉल्व्ह उघडला.

दुपारी समितीच्या कचेरीपर्यंत त्याला सोडायलाही तिलाच जावं लागलं. नवरा कामावर गेला होता, सासूला ऊन सोसत नव्हतं, आणि बाळ एकटा निघायला तयार नव्हता. कचेरी म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली. बाहेर भिंतीला लागून बाकडं. त्यावर तो बसला आणि मास्तरांनी शिकवलेला श्वास घेऊ लागला. पहिला घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला उठून भिंतीच्या मागे पळाला आणि कोमट पाण्यासकट सगळं बाहेर पडलं.

तिने त्याला चूळ भरायला पाणी दिलं. शर्टावर उडालेलं ओल्या फडक्याने पुसलं. कॉलर नीट केली. हे सगळं करणारे आपले हात आपलेच आहेत यावर तिचा विश्वास बसेना.

"वहिनी, मी काय सांगू त्यांना? रोज किती वाजता उठतो म्हणून विचारलं तर? मोटर कितीदा बिघडली म्हणून विचारलं तर? मला सगळं पाठ होतं, आता आठवत नाही."

"पाठ कशाला करायचं? खोटं बोलणाऱ्याला पाठ करावं लागतं."

"म्हणजे?"

"खरं सांगा. जे आहे ते. खरं बोलताना छाती धडधडत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती काय म्हणत होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यालाही कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला. इतक्या जणांनी इतके उपाय केले आणि गुण आला तो याने. त्याने एक साधा श्वास घेतला.

"सांगू खरं?"

"सांगा."

आतून नाव पुकारलं गेलं. तो गेला.

ती खिडकीखाली जाऊन उभी राहिली. खिडकीच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा होता, आतलं सगळं ऐकू येत होतं. आणि आता तिची छाती धडधडायला लागली. तो सांगेल. ते विचारतील, कुठे आहे ती वहिनी? बाहेरच आहे, तो म्हणेल. शिपाई दाराशी येईल. तिने केस मागे सारले, चेहऱ्यावरचा घाम पुसला. काय विचारतील? विचारू देत काहीही. आवाज फुटेल ना आपला? तिने दोन्ही हात भिंतीवर टेकवले, भिंत उन्हाने तापली होती, तरी तिने ते काढले नाहीत.

आत वरच्या कचेरीतून आलेले साहेब विचारत होते, सध्या पंपाची सगळी जबाबदारी तुम्हीच बघता ना?

"नाही साहेब," बाळ म्हणाला. आवाज स्वच्छ होता, कुठे अडखळला नाही. "नाव माझं आहे. पंप वहिनी चालवते. पहिल्यापासून तीच चालवते. मला नीट येतसुद्धा नाही."

मग कोणीतरी फस्सकन हसलं, आणि त्याच्या मागोमाग सगळेच.

"मुलगा प्रामाणिक आहे हो," साहेब म्हणाले.

"घरच चांगलं आहे ते, साहेब," हा समितीचा अध्यक्ष. त्याला हसता हसता धाप लागली होती. "एकाला घेतलं की दुसरी आपोआप मिळते. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

पुन्हा हशा. बाळही हसला, ते तिला वेगळं ऐकू आलं. कागद सरकले. साहेबांनी चहा मागवला. शिपाई दाराशी आला, तिच्याकडे न बघता चहा आणायला निघून गेला.

तिला कोणी बोलावलं नाही.

बाळ बाहेर आला तेव्हा उजळलेला होता. "वहिनी, झालं! घेतलं मला! तू म्हणालीस तसं खरं सांगितलं. शप्पथ, तुझं नाव घेऊन सांगितलं. काही लपवलं नाही. आणि छाती अजिबात धडधडली नाही बघ!"

त्याने खरंच सांगितलं होतं. त्याच्यावर ओरडायला तिला जागाच राहिली नव्हती. चोरी करून पकडला गेला असता तर निदान बोलता आलं असतं. ती पुढे चालायला लागली, इतक्या झपाझपा, की त्याला गाठायला पळावं लागलं.

"रागावलीस का?"

"चला घरी," ती म्हणाली. "आई वाट बघतायत."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला जागी झाली आणि अंथरुणातच राहिली. अंग उठायला बघत होतं, तिने उठू दिलं नाही. बाहेर फटफटलं. नवरा डबा घेऊन कामावर जाताना दारात घुटमळला, तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. मग सासू आली.

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

"अगं मग पाणी?"

"पाणी भाऊजी सोडतील. कालपासून नोकरी आहे त्यांची."

सासूने तोंडाचा चंबू केला, पण तेवढ्यात बाहेरून हाका सुरू झाल्या. पंपवाले, ए पंपवाले! नळ कोरडे का? मेलीस की काय? हाका वाढत गेल्या, अंगणात कळश्या वाजायला लागल्या. सासूने बाळला गदागदा हलवून उठवलं. तो लुंगी सावरत बाहेर आला, एवढ्या बाया बघून जागीच थिजला.

"वहिनी," तो म्हणाला. "वहिनी, आजच्या दिवस."

"नाही," ती म्हणाली.

सगळं गाव अंगणात उभं असलं की कसला श्वास घ्यायचा, हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं. बाळ धावत सुटला. तो कुंपणाच्या पुढे गेला तेव्हा तिच्या डोक्यात आलं: बादली! तिने ओरडायला तोंड उघडलं. हाक पोचण्याइतका तो जवळ होता. तिने तोंड मिटलं.

थोड्या वेळाने पंपघराकडून मोटरचा आवाज आला. कर्कश. जड होईना. ती ताडकन उठली, दारापर्यंत गेली. मोटर किंचाळत होती. आत्ता बंद करेल, आत्ता करेल, असं वाटत राहिलं, आणि दाराची चौकट धरून ती तशीच उभी राहिली. मग आवाज तुटला. थोड्याच वेळात वाऱ्याबरोबर जळक्या वासाचा भपकारा आला, आणि अंगणातल्या बायांनाही कळलं.

ऊन वर आलं तोवर अध्यक्ष घरी येऊन पोचला होता. त्याच्या मागे बाळ, हात काळे, चेहरा रडवेला. मोटर काढून न्यावी लागणार, परत कधी येईल सांगता येत नव्हतं, तोवर नदीच्या डोहातून पाणी आणायचं. डोह गावापासून लांब. बाया तशाच उभ्या होत्या, आणि आता कोणी ओरडत नव्हतं.

"काय गं बाई," अध्यक्ष म्हणाला, "तू कुठे मेली होतीस सकाळी?"

"घरी होते."

"घरी? गाव तहानलंय आणि तू घरी लोळत होतीस? काही जबाबदारी आहे की नाही तुझ्यावर?"

"माझ्यावर कसली जबाबदारी?"

"कसली म्हणजे? पंप तूच चालवतेस ना? पहिल्यापासून तूच चालवतेस. या पोराने काल स्वतः तसं सांगितलं आम्हाला!"

"सांगितलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही हसलात. मी खिडकीखाली उभी होते."

अध्यक्षाने बाळकडे पाहिलं, मग सासूकडे. सासू आत गेली.

वरच्या गल्लीतली म्हातारी पुढे आली. तिच्या काखेत रिकामी कळशी होती. "मोटर कोरडी चाललेली तुला ऐकू आली असेल ना गं?" तिने विचारलं.

"आली."

म्हातारीने मान हलवली. बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. ती डोहाच्या वाटेला लागली, बाकीच्या तिच्या मागे गेल्या. पंपवालीने आपली कळशी घेतली आणि सगळ्यांच्या शेवटी तीही निघाली. तिच्याशी कोणी बोललं नाही, पण वाट अरुंद झाली तिथे पुढची बाई थांबली आणि ती येईपर्यंत उभी राहिली.